अक्कांनी घातलेला आफ्रिकेचा वळसा

अक्का, तुम्ही गेलात त्याला अठरा दिवस झाले. परवा न्हावाशेव्याच्या एजंटाचा मेल आला आणि काल त्यावर आपल्या गटाची बैठक झाली. बैठकीत काय ठरलं ते तुम्हाला सांगायचंय, म्हणून लिहायला बसले. पण ते एकदम सांगता येत नाहीये. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून दोन वर्षं लपवून ठेवलीय. ते आधी बोलायला हवं. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "नीलू, मास्तरीणबाईवानी लांबण नको लावू." लावणार आहे. आता मला अडवायला कोण बसलंय?

मी तुमची धाकटी जाऊ. नाशिकरोडला वाढलेली, शाळेत भूगोल शिकवणारी, आणि लग्न होऊन दिंडोरीकडच्या तुमच्या मळ्यात पहिल्यांदा आले तेव्हा द्राक्षाच्या मांडवाखाली ताठ उभी राहून डोक्याला तार लावून घेणारी. तुम्ही हसला नाहीत. "वाकून चालायचं हितं," एवढंच म्हणालात. तुमचे यजमान, दादा, गेल्यावर बाग तुम्ही हातात घेतलीत, नऊ घरांचा गट बांधलात, माल निवडून भरायला पॅकहाऊस उभं केलंत. मी निवृत्त झाले तेव्हा मला घरी बसू दिलं नाहीत. युरोपला जाणाऱ्या मालाचे कागद इंग्रजीत भरायचे असतात, ते काम माझ्या गळ्यात घातलंत. मी रोज सिटी बसनं येऊन, वर स्वतःचा डबा आणून, तुमची कारकून झाले.

मला तुमचं नवल तेव्हापासून वाटायला लागलं. जन्मभर जगाचा नकाशा मी फळ्यावर काढला आणि तुम्ही नाशिक जिल्ह्याबाहेर फारतर चारदा गेल्या असाल. पण जग तुमच्या हातातून जात होतं. द्राक्षाच्या प्रत्येक डब्यावर बाग कुठली, तोडणी कधीची आणि डबा भरला कोणी, याचे नंबर असतात. तुमचा नंबर सात. हॉलंडमधल्या कुठल्यातरी दुकानात एखाद्या बाईला घडात कुजका मणी सापडला, तर ती तक्रार फिरत फिरत सात नंबरापर्यंत येऊ शकते, हे मी तुम्हाला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "म्हंजी ती बाई मला वळखती," म्हणालात. मी म्हटलं, नंबरानं. तुम्ही म्हणालात, "गावात तरी मला नावानं कोण वळखतं? समदे अक्काच म्हणत्यात."

आणि ती साक्षीची पेटी. हे नाव तुम्हीच दिलेलं. प्रत्येक कंटेनरमधली एक पेटी आपण इथेच कोल्ड स्टोरेजमध्ये मागे ठेवायची, आणि कंटेनर तिकडच्या बंदराला लागेल त्या दिवशी इथे ती उघडायची. जशी इथली पेटी, तसाच तिकडचा माल. सगळीच पॅकहाऊसं हे करतात, पण तुमच्यासारखं कोणी करत नसेल. हात धुऊन, पदर खोचून, सुरगाण्याहून हंगामाला आलेल्या बायकांना गोळा करून तुम्ही ती उघडायचात. आधी देठ बघायचा. देठ हिरवा असला की तुमचा चेहरा सैल व्हायचा. "उतरला माल," म्हणायचात. बंदर तिथून हजारो मैल, आणि तुम्ही दिंडोरी रोडवर उभ्या राहून सांगायचात की माल नीट उतरला. एजंटाचा मेल दोन दिवसांनी यायचा आणि त्यात तेच लिहिलेलं असायचं.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, ते सगळं बिनसलं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी जहाजांवर हल्ले सुरू झाले. किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं, ड्रोन, होड्यांमधून येऊन दोर टाकून चढणारी माणसं. मी टीव्हीवर बघून आले आणि पॅकहाऊसच्या भिंतीवर शाळेतला जुना नकाशा लावून तुम्हाला दाखवलं. ही आपली वाट, ही चिंचोळी सामुद्रधुनी, हा कालवा, हे युरोप. बावीस दिवस. आता जहाजं इकडून जाणार नाहीत, आफ्रिकेला खालून वळसा घालून जातील. तुम्ही सुतळीचा बंडल आणलात आणि माझ्या बोटामागोमाग ती नकाशावर धरत गेलात. खाली, अजून खाली, मग टोकावरून वर. सुतळी काढून दोन्ही वाटा शेजारी शेजारी धरल्यात. "दुप्पट व्हायला थोडीच राह्यली," म्हणालात.

त्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, दहशतवादी आहेत ते, दुसरं काही नाही. तुम्ही विचारलंत, "पर जहाजावरल्या मानसांनी त्यांचं काय वाकडं केलं?" मी शिकवल्यासारखं सगळं सांगितलं, तिकडचं युद्ध, कोणाचा राग कोणावर, व्यापार अडवला की सगळ्या जगाला कळ लागते म्हणून हे. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजी ज्याच्यावर राग हाय तो लांब आपल्या घरात. आन मारायचं वाटंवरल्याला." इतकी वर्षं मी दहावीच्या मुलांना दहशतवादाची व्याख्या लिहून देत आले, चार ओळींची. तुमची मला तेव्हा अडाणी वाटली होती. मी म्हटलं, अक्का, जग आता एक खेडं झालंय, एकाला खोकला आला की दुसऱ्याला ताप येतो. तुम्ही फटकन म्हणालात, "कशाचं खेडं? खेड्यात कोण मेलं ते तरी कळतं." मला मनातून पटलं नव्हतं. खेडं हा शब्द पुस्तकातला होता आणि मी पुस्तकाच्या बाजूची.

मग ती चूक झाली. तीही आपल्याच हातून. लांबच्या वाटेनं निघालेल्या पहिल्या कंटेनरची पेटी तुम्ही बाविसाव्या दिवशी उघडलीत. इतक्या वर्षांची हाताला सवय. देठ हिरवा, मणी टणक. तुम्ही खुशीत ती पेटी सगळ्या बायकांना वाटून टाकलीत. मीही घड घेतला. दोघींनाही सुचलं नाही की तेव्हा जहाज जेमतेम आफ्रिकेचं टोक ओलांडतंय. बंदराला लागायला त्याला अजून अडीच आठवडे होते. लागलं तेव्हा देठ काळे पडले होते आणि माल नाकारला गेला. दाखवायला आपल्याकडे पेटी उरली नव्हती. ती आपण खाल्ली होती.

नऊ घरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच आठवड्यात एजंटानं कळवलं, एक कंपनी अजून जवळच्या वाटेनं जहाजं काढतेय, धोका पत्करून. घालायचा का माल? तुम्ही विचार केलात आणि हो म्हणालात. गटातल्या भाऊसाहेबांनीही मान डोलावली. फॉर्म मी भरला, अक्का. माझ्याच हातानं जवळच्या वाटेच्या चौकोनात खूण केली. हे मी पुढे फार सोयीनं विसरून गेले.

कारण तेव्हा माझा ओंकार सिंगापूरच्या बाजूला होता. तुमचा लाडका पुतण्या, जहाजावरचा तिसरा इंजिनिअर, तुम्हाला मोठी आई म्हणणारा. त्याचं जहाज मालवाहू, धान्य आणि कोळसा नेणारं. आपल्या द्राक्षांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. हुकूम बदललाय, आम्ही त्याच सामुद्रधुनीतून जातोय, चार दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नको. आई, ठेवतो.

पहिला दिवस मी स्वयंपाकघरातले डबे घासत काढला. दुसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून पॅकहाऊसला आले. तुम्ही फोनवर एजंटाला सांगत होतात, "जवळच्या वाटंनंच घाला, साहेब. माल टिकला पायजे." मी दारातच थांबले. पंचवीस बायका घड निवडत बसल्या होत्या. मी ओरडले. "तुमची द्राक्षं टिकली पाहिजेत, अक्का. पोरं नाही टिकली तरी चालतील." आयुष्यात तुमच्यावर आवाज चढवलेली ती पहिली वेळ. कात्र्या थांबल्या. तुम्ही फोन ठेवलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि पुढचा घड हातात घेतलात. तुमची कात्री कुजका मणी सोडून चांगल्यालाच लागली. ते मला दिसलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. हे आज कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की एका जहाजाला क्षेपणास्त्र लागलं, काही खलाशी मेले. कुठलं जहाज ते सांगत नव्हते. सकाळी सात ते अकरा. त्या चार तासांबद्दल मी कोणाशीच बोललेले नाही आणि आजही बोलणार नाही. अकरा वाजता ओंकारच्या कंपनीचा फोन आला की आमचं जहाज सुखरूप आहे, धोक्याचा पट्टा ओलांडून पुढे गेलंय. मी रडले, हसले, देवापुढे डोकं टेकलं, आणि खाली उतरून किलोभर पेढे घेतले. रिक्षा करून पॅकहाऊसला आले. सगळ्यांसमोर ओरडले होते, तर सगळ्यांसमोर पेढे वाटायचे, असा माझा हिशेब.

पॅकहाऊस बंद होतं. म्हणजे दार उघडं, पण काम बंद. पहाटे तोडलेल्या द्राक्षांचे क्रेट रांगेनं तसेच. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. भाऊसाहेब कावरेबावरे होऊन येरझाऱ्या घालत होते. मला वाटलं, ओंकारसाठी जीव मुठीत धरून बसलात. मी दारातूनच म्हटलं, "आपला नाही, अक्का. आपला नाही तो. ओंकार सुखरूप आहे."

तुम्ही उठलात. माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडलीत. डोळे भरलेले होते. मग माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतलात, त्याची सुटलेली दोरी पुन्हा बांधलीत आणि फळीवर ठेवलात. "उद्या वाट," म्हणालात. "आज मयत हाय."

गावात मयत झाली की ती उचलेपर्यंत कोणी शेतात काम करत नाही, चूल पेटवत नाही. हे मला माहीत होतं. पण ही कोणाची मयत? कुठल्या देशाचे खलाशी, त्यांची पोरं कुठल्या गावात, काही माहीत नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, "अक्का, आता तर कळलं आपला पोरगा बरा हाय. माल सुकंल. दोन तासांत थंडीत गेला नाय तर कंटेनरच्या कामाचा राहणार नाय." तुम्ही म्हणालात, "सुकू द्या. कोणाचा तरी गेलाच ना." तेवढ्यात सुरगाण्याच्या शेवंताबाईनं विचारलं, "मंग त्यांची माती कवा व्हनार?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण लांबचं सगळं मला माहीत असतं असा त्यांचा समज. मी म्हटलं, माहीत नाही. समुद्रात आहेत, जहाज जळतंय. तुम्ही जरा विचार केलात आणि मला विचारलंत, "तिथं आत्ता किती वाजलं?" मी सांगितलं, आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तुम्ही म्हणालात, "मंग तिथला दिस मावळंपर्यंत बसू."

अक्का, खरं सांगते, मला तुमचा राग आला. माझ्या आनंदाला तुम्ही झाकण लावलंत असं वाटलं. मी तशीच घरी निघून गेले. पुढचं मला शेवंताबाईनं सांगितलं. संध्याकाळी बायकांची जीप आली, तुम्ही त्यांना जायला सांगितलंत आणि स्वतः पॅकहाऊसच्या पायरीवर बसून राहिलात. तिथला दिवस मावळायचा होता अजून. त्या दिवसाचा माल दुसऱ्या दिवशी नाशिकच्या बाजारात गेला, मिळेल त्या भावानं. गटाला त्यातलं तुम्ही काहीच सोसू दिलं नाहीत. सगळा तोटा आपल्या बागेच्या खात्यावर मांडलात.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही एजंटाला फोन केलात. "आमचा माल लांबनं घाला. आतापासून समदा लांबनं." भाऊसाहेब आणि तुम्ही तासभर बोलत होतात. ते म्हणत होते, आपल्या एका कंटेनरानं जहाज वळत नाही, ते जायचं तिकडूनच जाणार. बरोबर होतं त्यांचं. तुमचं उत्तर मी आत कागद लावता लावता ऐकलं. "जहाज जाऊ द्या, भाऊ. त्याच्यात माझा माल नगं."

आणि मग तुम्ही कामाला लागलात. मला नवल वाटतं ते इथे. वाईट वाटून घेणं सोपं असतं, ते मी फार चांगलं करते. तुम्ही द्राक्षच बदलायला घेतलंत. शाळेची शंभरपानी वही आणलीत. एका कंटेनरमागे एक पेटी असायची, तिथे पाच ठेवायला लागलात. बाविसाव्या दिवशी एक, तिसाव्या दिवशी एक, असं करत चाळिसाव्या दिवसापर्यंत. तोडणी चार दिवस आधी घेऊन पाहिलीत. तोडणीआधी पाणी आधीच बंद करून पाहिलंत. सकाळी ऊन चढायच्या आत कात्र्या बंद. पेटीतला बुरशी रोखणारा गंधकाचा कागद बदलून पाहिलात. प्रत्येक वेळी वहीत एकच गोष्ट लिहायचात, देठ कसा. हिरवा, पिवळट, काळा. त्या उन्हाळ्यात मला शाळेतले विज्ञानाचे सगळे प्रयोग पोरखेळ वाटले.

गेल्या हंगामात चाळिसाव्या दिवशी पेटी उघडली तेव्हा मी तुमच्या शेजारी होते. मोजून चाळिसाव्या. यावेळी तो दिवस मी कॅलेंडरवर लाल पेनानं खुणावून ठेवला होता, कोणी चुकून आधी हात लावू नये म्हणून. तुम्ही कागद बाजूला केलात. देठ हिरवा होता. अगदी ताजा नाही, पण हिरवा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही एक मणी तोडलात, खाल्ला नाहीत, बोटांत धरून जरासा दाबलात आणि नकाशाकडे बघितलंत. मला वाटलं आता म्हणाल, उतरला माल. तुम्ही म्हणालात, "पोचली समदी." माल असता तर 'पोचला' म्हणाल्या असतात; द्राक्षं असतील तुमच्या मनात, असं मी तेव्हा धरून चालले.

आता ती लपवलेली गोष्ट.

ओंकार त्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा जेवताना सहज बोलून गेला. असल्या पट्ट्यातून जाण्याआधी खलाशांना कागद देतात. नाही म्हणायचा हक्क असतो. नाही म्हटलं तर आधीच्या बंदरात उतरवून घरी पाठवतात. त्यानं सही केली होती, जातो म्हणून. त्या दिवसांचा पगार दुप्पट होता, हे त्यानं ताटाकडे बघत सांगितलं. आणि मग म्हणाला, "सगळेच सह्या करत होते, आई. एकट्यानं उतरून कसं यायचं?" म्हणजे ज्या पोराचा बळी चाललाय म्हणून मी तुमच्यावर ओरडले, तो स्वतःच्या सहीनं गेला होता. मी हे तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्या ओरडण्यामुळे तुम्ही वाट बदललीत. ओंकारसाठी बदललीत. खरं कळलं तर पुन्हा जवळच्या वाटेवर जाल, आणि माझं ओरडणं खोटं पडेल. तुम्ही सगळा हंगाम वही घेऊन राबत होतात आणि मी शेजारी बसून, तुम्हाला सुधारलं म्हणून, मनात जरा फुशारत होते. मला माफ करा.

मागच्या पावसाळ्यात ओंकारनं समुद्र सोडला. सिन्नरच्या कारखान्यात लागला, रोज संध्याकाळी घरी येतो, भाजीत मीठ कमी म्हणतो. दिवाळीत मी तुमच्याकडे आले तेव्हा तिकडचे हल्ले थांबल्याच्या बातम्या होत्या. मी करंज्या तळता तळता म्हटलं, "अक्का, या वर्षी जवळच्या वाटेनं घालू की. ओंकार आता घरी आलाय."

तुम्ही झारा खाली ठेवलात. "तुझा आला," म्हणालात.

मला ते झोंबलं. तुझा म्हणजे काय? तुमचा नव्हता का तो? त्याला पोहायला कोणी शिकवलं, मळ्यातल्या विहिरीवर? मी तशीच उठले. तुम्ही हाक मारली नाहीत. पुढे महिनाभर आपण कागदांपुरतं बोललो. तेवढ्यात तुम्हाला दवाखान्यात न्यायची वेळ आली. मी चार दिवस उशाशी होते, तेव्हा बोलता आलं असतं. मी तुमचे केस विंचरले, मोसंबी सोलली, छाटणीनंतरच्या घडांचं सांगितलं, पण भांडणाचा विषय काढला नाही. म्हटलं, घरी आल्यावर बघू. तुम्ही एकदा डोळे न उघडता विचारलंत, "मेल आला का गं?" मी म्हटलं, अजून नाही.

तो परवा आला, अक्का.

काल बैठकीला सगळी नऊ घरं होती. तुमची खुर्ची कोणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कोणी बसलंही नाही. मी मेल मराठीत वाचून दाखवला. जवळची वाट आता बरेच महिने शांत आहे. विमावाले तयार आहेत, मोठ्या कंपन्या एकेक करून परतताहेत. खात्री कोणी देत नाही, पण बहुधा काही होणार नाही. निवड तुमची. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला जगातलं कळतं. तुम्हीच खूण करा." आणि फॉर्म उघडलेला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

मी तुम्हाला खरं सांगते. माझं बोट जवळच्या वाटेकडे गेलं. आपोआप. मनात कुठेही खळबळ नव्हती. माझा मुलगा त्या वेळी सिन्नरला कामावर होता, संध्याकाळी घरी येणार होता. बावीस दिवस आणि चाळीस दिवस, यात कुठले निवडायचे हे इतकं उघड होतं की मला हसू आलं असतं. बहुधा काही होणार नाही. आणि झालंच तर आपला नाही. हे मी मनात म्हटलं, जसंच्या तसं, आणि माझ्या कानात माझाच आवाज आला, हातात पेढे घेऊन दारात उभी असतानाचा.

तेव्हा मला कळलं की तुम्ही दिवाळीत काय म्हणालात. ओंकारची सही मी लपवली नसती तरी काहीही बदललं नसतं. तुम्ही माझ्या ओरडण्यानं बदलल्या नव्हतात. माझ्यासाठी नाही, ओंकारसाठीही नाही. आणि तुम्ही हे किती साधेपणानं केलंत, पदर खोचून, वहीत देठाचा रंग लिहीत. ज्यांना तुम्ही कधी बघणार नव्हतात, त्यांच्यासाठी तुम्ही बागेचं वेळापत्रक बदललंत. मी जन्मभर खंड शिकवले, महासागर शिकवले, वारे कुठून कुठे वाहतात ते शिकवलं, आणि इतकं मोठं काही मी कधी पाहिलं नाही. अक्का, तुमच्यापुढे मला फार लहान वाटलं, आणि लहान वाटून बरंही वाटलं.

मी बोट मागे घेतलं. उठून उभी राहिले, कारण बसून बोलता येईना.

"माझं आता समुद्रावर कोणी नाही," मी म्हटलं. "तरी माझं मत लांबून."

मग भाऊसाहेबांनी विचारलं, आणि टोमणा म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "मंग कोणासाठी, बाई?"

"नावं माहीत नाहीत," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी लॅपटॉप बाजूला सरकवला. मग खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर घेतलं आणि तोडणीच्या तारखा, तुमच्या वहीतल्या हिशेबानं, एकेक करून चार दिवस अलीकडे ओढायला लागले.